दादाचं दुसरं पत्रक

पत्रक कसं लिहायचं हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मथळा रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे. पहिलं वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. 'बहुधा', 'कदाचित', 'असं वाटतं' दिसलं की खोडायचं. आणि शेवटी वाचणाऱ्यानं काय करायचं ते स्पष्ट सांगायचं. उंब्रजच्या एसटी स्टँडवर बायकांना धड मुतारी नव्हती, तेव्हा मी याच पद्धतीनं चार पत्रकं काढली आणि मुतारी बांधून घेतली. गावात काहीजण मला मुतारीवाली म्हणतात. म्हणोत. त्याची मला लाज नाही.

लाज आहे ती पाचव्या पत्रकाची. ते मी माझ्या भावावर लिहिलं, आणि त्यातलं अर्धं वाक्य खोडलं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. शिरवळला एका कारखान्यात मशीन चालवायचा. तिशी ओलांडली आणि एक दिवस पाय सुजून घरी आला. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, कराडच्या दवाखान्यात डायलिसिस. वडील आम्ही शाळेत असतानाच वारले. आई नर्स, आता निवृत्त. तिची सगळी नोकरी मिरजेत गेली. तिनं ऐकल्या दिवशी डोळ्यातून एक टिपूस काढलं नाही. उठली, एक छोटा स्टीलचा तांब्या काढला आणि दादाच्या खाटेशेजारी ठेवला. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण प्यायलेलं बाहेर पडत नाही, अंगात साठतं. दिवसाचं पाणी तेवढ्या तांब्यात. चहा प्यायला की तेवढं कमी. आमटी घेतली की तेवढं कमी. उसाच्या रसाच्या गाड्यावरून जाताना दादा तोंड दुसरीकडे फिरवायचा. मला म्हणायचा, "पुढारी, लोक दारूसाठी तडफडतात. मी पाण्यासाठी. बघ, मी किती सज्जन."

आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी लहान. कौलारू चर्च, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधून लाल काथ्याची पट्टी. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला सांगायचं त्यानं उभं राहायचं, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आणि शेवटी 'प्रभूचे उपकार' म्हणायचं. मग सगळी मंडळी 'आमेन' म्हणते. तो आल्याशिवाय खाली बसायचं नाही. कोणी हा नियम लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. माझ्या लहानपणी एक म्हातारी हरवलेली शेळी कशी सापडली याची साक्ष द्यायला उठली आणि शेळी अजून ओढ्यापलीकडेच होती तोवर मागून कोणीतरी आमेन म्हणून टाकलं. म्हातारी म्हणाली, "थांबा की रं, अजून घावली न्हाई."

दादा आजारी पडला त्या वर्षी चर्चमध्ये संजीवन सभा झाल्या, प्रार्थनेच्या आणि उपदेशाच्या. बाहेरगावचा एक प्रचारक आला होता, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यानं दादाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. दादा रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू. पुढच्या आठवड्यात दादाला बरं वाटायला लागलं. दम कमी झाला, लघवी थोडी जास्त झाली, रक्ताचा रिपोर्टही जरासा सुधारला. आई म्हणाली, "मशीन चांगलं लागतंय तुला. टिकव." दादा म्हणाला, "आई, मशीन कोणाचं आहे?" आईनं त्याचा दिवसाचा तांब्या भरला आणि खाटेशेजारी ठेवला.

पहिल्या रविवारी दादा उभा राहिला आणि म्हणाला, देवानं मला बरं केलं. आमेन असा आला की कौलं हलली. मग बाहेर येऊन त्यानं माठातून एक ग्लास पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर पूर्ण प्यायला. टाळ्या पडल्या. दुसरा घेतला. मी फोनमध्ये फोटो काढला. मान वर, डोळे मिटलेले, हनुवटीवरून पाणी ओघळतंय. आई फाटकापाशी उभी होती, पदर मुठीत धरून.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बाळ, तू एवढी पत्रकं लिहितेस. प्रभूसाठी एक लिही." मला बरं वाटलं. मंडळीत मला कामाला लावावं असं आजवर कोणाला वाटलं नव्हतं. माझ्या कामाचा विषय चर्चमध्ये काढण्यासारखा नव्हता. दादानं सांगितलं, मी लिहून घेतलं. त्याचं एक वाक्य असं होतं: डॉक्टरांनी डायलिसिस अजून बंद केलेलं नाही, पण देव मला पूर्ण बरं करील असा माझा विश्वास आहे. मी पेन घेतलं आणि लिहिलं: देवानं मला पूर्ण बरं केलं.

"अगं, अजून चालू आहे ना ते," दादा म्हणाला.

"पत्रकात 'पण' घातला की माणूस तिथंच वाचायचं सोडतो."

"तुला जास्त कळतं," तो हसून म्हणाला.

हजार प्रती काढल्या. पाणी पितानाचा फोटो वरती. कराडपासून शिरवळपर्यंत प्रत्येक स्टँडवर मी स्वतः वाटल्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुठं कुठं गेल्या त्याचा पत्ता नाही.

पुढं काय झालं ते कोणी नीट विचारत नाही, म्हणून सांगते. दादा अडाणी नव्हता, वेडाही नव्हता. पण आपला फोटो स्टँडवर वाटला जातोय, खाली 'पूर्ण बरं केलं' लिहिलंय, आणि आपण मंगळवारी हात लांब करून मशीनवर पडलोय, हे त्याला जमेना. तो शुक्रवारी गेला नाही. मंगळवारी गेला नाही. आईनं आधी सांगितलं, मग हात जोडले, मग ती दारात आडवी बसली. मी तिला म्हणाले, "तू नर्स आहेस ना, म्हणून तुझा विश्वास कमी पडतो."

हे वाक्य मी बोलले आहे. ते कुठं छापलेलं नाही, म्हणून खोडताही येत नाही.

गुरुवारी सकाळी दादाला आडवं पडता येईना. पडला की गुदमरायचा. आईनं त्याला खाटेवर उशांना टेकवून बसवलं, खिडक्या उघडल्या, शेजाऱ्यांची गाडी बोलावली. कराडला पोहोचेपर्यंत ती एकाच आवाजात बोलत होती, "श्वास घे. सोड. घे. सोड." इतक्या वर्षांत किती अनोळखी माणसांना तिनं तसं म्हटलं असेल. अतिदक्षता विभागात पाच दिवस. बाहेर बाकावर मंडळीतले लोक येऊन प्रार्थना करायचे आणि शेवटी सगळे आमेन म्हणायचे. मी म्हणायचं सोडलं. ठरवून सोडलं. आत जाऊन आलेली आई म्हणायची आणि मी तिच्याशेजारी तोंड मिटून बसायचे. माझं म्हणणं सरळ होतं. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं नाही, तर खाली मी सही का करू?

दादा वाचला, पण अर्धाच. वजन गेलं, पायातली ताकद गेली. पुन्हा मंगळवार आणि शुक्रवार सुरू झाले. आता त्याला धरून न्यायला मी जायचे.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर वाळवा तालुक्यातले एक जैन काका असायचे. ऊस, थोडी द्राक्षं. गप्प बसणं त्यांच्या अंगात नव्हतं. पहिल्या मंगळवारी त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. माझं पत्रक.

"ह्ये तूच लिवलंस व्हय?"

मी मान हलवली.

"झ्याक लिवतीस. मी वाचलं आन् घरात सांगितलं, मला तिकडं न्या. आमी जैन हाय, पर प्यायला पाणी मिळतंय म्हटल्यावर मी कुटल्या बी देवळात जाईन. मशीन बी नगं म्हटलं. तर बायकोनं काय करावं? माझ्या चपलाच लपवल्या. दोन दिवस अनवाणी उसाच्या सरीत हिंडलो, पाय फाटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मशीनला निघत असशील तर देते."

ते हसले. पलीकडची सिस्टर हसली. दादा हसला नाही.

"काका, खरंच सोडणार होतात?" त्यानं विचारलं.

"सोडलंच हुतं की रं गड्या. चपलांनी वाचवलं."

दादानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. सुया लावलेला डावा हात तसाच, उजव्या हाताची बोटं चादरीवर मुडपलेली. मग तो म्हणाला, "काका, तो कागद मला द्या."

"न्हाई देत."

"चुकीचा आहे तो."

"ठावं हाय. पर तू पाणी पितोयस त्यात. बघायला बरं वाटतं."

काकांनी घडी पुन्हा पिशवीत ठेवली. दादा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "वही आणलीयस का?"

डायलिसिसला चार तास लागतात. त्यातल्या शेवटच्या तासात त्यानं दुसरं पत्रक सांगितलं आणि मी मांडीवर वही ठेवून लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की पहिली साक्ष मी मंडळीत उभं राहून दिली, तर ही पण तिथंच द्यायची. आधी मंडळीत, मग स्टँडवर. मजकूर एवढाच होता:

मी बरा झालेलो नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी मशीनवर असतो. माझं पहिलं पत्रक वाचून कोणी उपचार सोडू नका. मी देवाकडे मागितलं आणि त्यानं दिलं नाही. का दिलं नाही ते मला कळत नाही. तरी मी त्याचाच आहे.

मी म्हणाले, "शेवट नीट नाही. वाचणाऱ्यानं करायचं काय?"

"काही नाही करायचं. मी काय करतोय ते सांगितलं."

"तुला खरंच तसं वाटतं? शेवटचं?"

मशीन फिरत होतं, नळीतून त्याचं रक्त जात-येत होतं. मग तो म्हणाला, "रोज नाही वाटत. वाटलं त्या दिवशी सांगतोय."

तेव्हापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. मंडळीनं हे ऐकावं. त्याला किती दिवस राहिलेत हे आईला माहीत होतं आणि तिनं तोंडानं सांगितलं नसलं तरी आम्हालाही माहीत होतं.

पाळकसाहेबांनी कागद आधी मागितला. मी घेऊन गेले. त्यांनी चहा दिला, चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग पेन्सिल घेऊन 'मी देवाकडे मागितलं आणि त्यानं दिलं नाही' या वाक्यावर एक रेघ ओढली. हळूच, जणू कागदाला लागेल.

"मशीनचं, उपचारांचं वाचू दे," ते म्हणाले. "मीसुद्धा सांगेन, चूक झाली म्हणून. पण हे नको. दोन घरं नवीन आलीत आपल्यात. त्यांना काय वाटेल?"

"खरं वाटेल."

"बाळ, देवानं काय केलं ते साक्षीत सांगतात. काय केलं नाही ते सांगत नाहीत."

"मग त्यानं काय नाही केलं ते कुठं सांगायचं? ग्रामपंचायतीत?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा कप बशीवर वाजला एवढंच.

घरी येऊन मी दादाला म्हणाले, रविवारी मी चर्चच्या फाटकावर उभी राहते, पूर्ण मजकूर छापून वाटते, बघू कोण अडवतं.

"मथळा काय देशील?" त्यानं विचारलं. "पाळक हाय हाय?"

"हसू नको. त्यांनी तुझं वाक्य खोडलं."

"त्यांची पेन्सिल दिसली तुला. तुझं पेन कोणी बघितलं का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता तिनं पिठाच्या हातानं एक पाट पुढं सरकवला. मी बसले.

रविवारी ऊन रणरणत होतं. दादाला पंख्याखाली दुसऱ्या बाकावर बसवलं. मी आणि आई पट्टीच्या अलीकडे. साक्षीची वेळ आली. आधी एका बाईनं मुलाच्या नोकरीची दिली, आमेन आला, ती बसली. मग दादा पुढच्या बाकाला धरून उठला. लोकांनी वळून पाहिलं. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस माठापाशी उभा होता, आता सदरा खांद्यावरून उतरत होता.

त्यानं सगळं वाचलं. पेन्सिलीच्या रेघेखालचंही वाचलं. आवाज बारीक होता पण त्या वाक्यावर तो थांबला नाही, घाई केली नाही, इतर वाक्यांसारखंच वाचलं. कागद दुमडला. म्हणाला, "प्रभूचे उपकार."

आमेन आला नाही.

मला वाटलं लोक विचार करत असतील. मग वाटलं पाळकसाहेब म्हणतील. ते गीतांच्या पुस्तकाकडे बघत होते. पुरुषांच्या बाजूला कोणी खाकरलं. पंखा फिरत होता. मी आईकडे पाहिलं. तिनं रुमाल तोंडात धरला होता, पूर्ण आत, आणि तिचे खांदे हलत होते. तिच्याकडून आवाज येणं शक्य नव्हतं.

दादा उभा होता. त्याला बसता येईना. आमेन आल्याशिवाय बसायचं नाही. त्याचे पाय थरथरायला लागले. तो मंडळीकडे बघत नव्हता, समोर भिंतीवरच्या लाकडी क्रुसाकडेही बघत नव्हता. खाली, आपल्या पायांकडे बघत होता. जणू त्यांनाच विचारत होता, अजून किती वेळ.

मी म्हणाले, "आमेन."

स्टँडवर घोषणा द्यायचा माझा आवाज आहे, तोच आला. सगळ्या बायका दचकल्या. मग मागून एक आला. दाराजवळून दोन. मग बरेच, पण एकत्र नाही, पुढे-मागे, विस्कटलेले. पाळकसाहेबांचा शेवटी आला. पण आला. दादा बसला.

घरी जाताना रिक्षात तो म्हणाला, "आमेन म्हणालीस."

"तुझे पाय थरथरत होते."

"म्हणजे विश्वासानं नाही?"

"नाही."

"चालतंय," तो म्हणाला. "बसायला मिळालं."

दुसरं पत्रक मी त्याच सगळ्या स्टँडवर वाटलं. लोक घेईनात. शिरवळला एक चहावाला म्हणाला, "ताई, आधीचं बरं होतं." त्याच्या टपरीत ते चिकटवलेलं होतं, दादा पाणी पीत होता. मी ते नखानं खरवडून काढलं. निम्मं निघालं.

दादा त्यानंतर दोन-अडीच महिने होता. श्रावणात एका शुक्रवारी मशीनवर असतानाच त्याचं हृदय बंद पडलं. मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तेव्हा पडदा ओढलेला होता आणि काका आपल्या खुर्चीत रडत होते, एक हात सुयांत अडकलेला, दुसऱ्यात पडद्याची कड घट्ट धरलेली. मी त्यांचे डोळे पुसले. ते म्हणाले, "पाणी मागितलं त्यानं. सिस्टरनं दिलं. लय न्हाई, पर दिलं."

मातीच्या दिवशी मंडळीतल्या पोरांनी कबर खणली. पावसानं माती चिकट झाली होती, फावड्याला धरून बसायची. उपासना सुरू व्हायच्या आधी पाळकसाहेब माझ्याजवळ आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "तो कागद आहे का गं?"

"नाही," मी म्हणाले.

तो माझ्या पर्समध्ये होता. ते पूर्ण वाचणार होते की पुन्हा रेघ सोडून वाचणार होते, मला माहीत नाही. मला विचारायचं नव्हतं. त्यांना काहीतरी द्यायचं नाही एवढंच मला त्या वेळी हवं होतं, आणि माझ्याकडे न देण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती.

आई अजून सकाळी तो तांब्या भरते. दिवसभर तो तिथंच असतो, संध्याकाळी ती झाडाला घालते. मी चर्चला जाते. का जाते विचारलं तर पत्रकात बसेल असं उत्तर माझ्याकडे नाही. प्रार्थनेत मी गोड बोलत नाही. सरळ विचारते, का दिलं नाहीस. उत्तर येत नाही. पण ज्याच्यावर एवढं रागावता येतं तो नाहीच, असं म्हणणं मला अजून जमलेलं नाही.

मागच्या आठवड्यात आईनं माझी पर्स धुवायला काढली आणि तिला कागद सापडला. ती खाटेच्या कडेला बसली, दादाच्या. चष्मा आणायला सांगितला. बोट ठेवून पूर्ण वाचला. पेन्सिलीच्या वाक्यावर बोट थांबलं, मग पुढं गेलं. शेवटाला आल्यावर ती म्हणाली, "आमेन."

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"माझं राहिलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली. मग कागदाची घडी घातली. "पाळकांना का दिला नाहीस?"

"राग आला होता."

"आता?"

"आताही आहे."

"असू दे. नेऊन दे."

मी नेऊन दिला. त्यांनी माझ्यासमोर घडी उघडली, खोडरबर शोधलं, सापडलं नाही, मग अंगठ्यानं ती रेघ पुसायला लागले. पुसली जात नव्हती, फक्त काळी झाली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.

येत्या पहिल्या रविवारी मी साक्षीला उभी राहणार आहे. पाठ काही केलेलं नाही. माझा भाऊ बरा झाला नाही, मी अर्धं वाक्य खोडलं, आईला बोलू नये ते बोलले, आणि मला तो हवा होता, एवढं सांगेन. मग प्रभूचे उपकार म्हणेन आणि उभी राहीन. माझे पाय अजून धड आहेत. वेळ लागला तरी चालेल.